अंतर पावलांत

नकाशा कपाटात सापडला.
बियाणे कंपनीचे जुने कॅलेंडर, डिसेंबरच्या पाठीवर निळी शाई:
"सावरबोडी. एकट्याने पाहावयाची बांधकामे.
वाटाड्याची गरज नाही. अंतर पावलांत."
आणि साहेब लोक सही करतात त्या कोपऱ्यात
द. हटवार, ट्रेसर, निवृत्त.

मला या उपविभागात येऊन आठच महिने झालेत.
रविवार होता, पौषातले ऊन होते.
बाटली भरली, निघाले.

पहिला क्रमांक आमच्याच ऑफिसच्या पायरीवर.
दगडात एक आडवी रेघ, तिच्याखाली बाण.
समुद्र इथून किती खाली आहे ते या बाणाला ठाऊक,
आणि चौकीदार रोज सकाळी
त्याच दगडावर विळा घासतो.
दोघांचे बरे चालले आहे.

दोन. नॅरोगेजची मोरी, एकशे चाळीस पावले.
माझ्या शंभरातच आली.
वरून रूळ उचलून नेले,
खालून शेळ्या अजून जातात,
गाडी होती तेव्हा जात तशाच, मान खाली घालून.
समासात लिहिलेय: "डाव्या हाताची सातवी वीट चाचपावी.
गवंड्याचे बोट उमटले आहे."
चाचपली. आहे.
माझे बोट त्यात सैल बसते.

तीन सापडला नाही. त्यावर सिमेंटचा रस्ता असावा.

चार, तलावाचे तुडुम. मोरीपासून तीनशे दहा.
माझी भरली दोनशे वीस.
परत मागे गेले, मोजत आले. दोनशे एकवीस.
तीस वर्षे दुसऱ्यांच्या रेघा
केसाइतक्याही न ढळता गिरवणारा माणूस
स्वतःच्या नकाशात इतका चुकतो?
बुटका असेल. वय झाले असेल.
वहीत लिहिले: अंतरे तपासून घ्यावीत.

तुडुमाच्या दगडाला एकाखाली एक पाच भोके,
भोकांत लाकडी खुंट्या.
तलाव उतरतो तसा पाटकरी
एकेक खुंटी खाली उतरतो.
याचे ड्रॉइंग आमच्याकडे नाही.
कुणाकडेच नव्हते.

पाळीवर फुलवंता मेश्राम शिंगाडे सोलत होती.
"कोटी चालली बाई, कागद घेऊन?"
म्हटले, हटवारांची पावले जुळत नाहीत.
तिने सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला.
"त्याची कोटी हायेत? माजी हायेत ते.
पार फुटली त्या साली मी मातीवर होती.
मंग म्हातारपनी आला हटवार, म्हने,
फुलवंता, माती भर, टोपली घे डोईवर,
तवा चालत होती तशी चाल. मी मोजतो.
सहा दिवस गावभर चालवलन मले.
चाय पाजे पन."

मान न हलवता, पायाकडे न बघता
टाकलेले पाऊल.
मी पाळीवरच हिशेब केला.
वीस इंच.

वहीतली ओळ खोडली.
तिच्याकडे टोपली मागितली.
"रिकामीनं नाई होत," म्हणाली,
आणि ओले शिंगाडे काठोकाठ भरून
चुंबळीसकट डोक्यावर ठेवले.

सांडवा, नव्वद पावले.
नव्वद.
मधले क्रमांक मला बघता आले नाहीत,
डोक्यावर ओझे असताना बघता येत नाही,
नुसते मोजता येते.
पाणी मानेवरून पाठीत उतरत होते.

शेवटी नऊ.
"येथे पाहण्यासारखे काही नाही.
पाळीची माती येथून नेली."

बशीसारखे खोलगट मैदान.
पोरे क्रिकेट खेळत होती.
कुणीही कुठेही मारलेला चेंडू
काठापर्यंत चढतो, क्षणभर थबकतो,
आणि घरंगळत मधोमध परत येतो.
त्यामुळे सीमेवर इथे कुणी उभेच राहत नाही.

मी उभी राहिले.
बॅट खाली टेकवून एकाने माझ्या डोक्याकडे पाहिले,
"ओ बाई, शिंगाडे कसे दिले?"