निर्धाव

शारजात आठ वाजतात तेव्हा तिकडे साडेनऊ.
पहिला चेंडू पडतो
आणि मी स्टोअरमध्ये काचेच्या पेट्या मोजता मोजता
खिशातला फोन अंगठ्यानं जागा करतो.
महाराष्ट्र. टॉस हरलेत. फलंदाजी.
या पोरांतलं एकही नाव आता ओळखीचं नाही,
तरी कुणी बाद झालं
की मोजलेल्या पेट्या पुन्हा मोजाव्या लागतात.

सरफुद्दीन मजगावकर फोन बघत नाही.
पलीकडच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापतो.
खोलीत त्याची खाट खिडकीशी, माझी दाराशी,
मध्ये तांदळाची गोणी.
नऊ वर्षं झाली.
विमानतळावर त्याला आणायला मीच गेलो होतो,
दुसऱ्याची गाडी मागून घेऊन.

तो खेळलाय. खराखुरा.
पांढरे कपडे, लाल चेंडू, चार-चार दिवस.
डावखुरा, संथ, चेंडू सोडताना जिभेचं टोक बाहेर.
दोन सामने, एक्कावन्न षटकं, दोन बळी.
मी बारावा.
माझ्या नावावर बाटल्या, कोरडे ग्लोव्ह्ज,
आणि एका सकाळची सोळा षटकं,
कारण स्लिपमधल्याचं बोट सुजलं होतं.

नाशिक. जानेवारी. गवत ओलं,
गारठा असा की हाताला दुसऱ्याचीच बोटं.
समोरचा कप्तान एकोणीसवर.
सरफूनं चेंडू हवेत जरा जास्तच रेंगाळू दिला,
तो पुढं आला, चेंडू वळला,
आणि कड लागली.
तो आवाज मला अजून येतो,
वाळला घाटा बोटांत फुटावा तसा.
झेल कमरेएवढा.
ताटात पोळी पडावी इतका सरळ.

त्यानं एकशे चौसष्ट केल्या.
सरफूला तिसरा सामना मिळाला नाही.

सुटलेल्या झेलाला स्कोअरबुकात रकाना नसतो.
तिथं एक टिंब पडतं, निर्धाव चेंडूचं,
इतर टिंबांसारखंच.
महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये माझं जे काही आहे
ते एवढंच.
कोणतं, ते दोघांनाच माहीत.

परवा परभणीचा नवा पोरगा आला, कपिल वायाळ.
जेवताना फोनवर कुठून तरी जुना धावफलक काढला,
"भाऊ, तुमचं नाव आहे की हो इथं!"
फोन हातोहात फिरला.
श्रीलंकेच्या आचाऱ्यानं बघितला, पेशावरच्या ड्रायव्हरनं बघितला,
माझ्यापाशी आला तेव्हा
काचेवर सगळ्यांच्या आमटीची बोटं.
बावीस षटकं चार चेंडू. एकाहत्तर धावा. एक बळी.
पोरगं हुशार. म्हणालं,
"एवढं टाकलंत, कप्तानाचा एकही झेल उडाला नाही?"

पंखा फिरत होता.
मी भात कालवला. पुन्हा कालवला.
सरफूनं लिंबू पिळलं, बी काढून ताटाच्या कडेला ठेवली,
म्हणाला,
"पाटा खेळपट्टी होती रे.
कड कुठली लागतेय."

शुक्रवारी पहाटे सज्ज्याच्या बाजूला जातो आम्ही,
ऊन चढायच्या आत, त्याच्या जुम्याच्या आत.
वाळूत सिमेंटची पट्टी, वर काथ्याची चटई,
चारी कोपऱ्यांना ठोकलेले खिळे.
दुसऱ्या षटकातच चेंडू राखाडी होतो.
टँकरवाले रस्त्यावर थांबून बघतात,
एखादा हॉर्न वाजवून दादही देतो.
नऊ वर्षांत गडी बदलले,
कुणी कुवेतला गेला, कुणी कायमचा घरी,
सरफू मला मात्र दुसरीकडे कुठं उभं करत नाही.
स्लिप.
पहिल्या शुक्रवारपासून.
शिक्षा आहे की काय, हे मी विचारलेलं नाही.

रनअपच्या टोकाला तो थांबतो,
चेंडू बाहीला पुसतो, माझ्याकडे बघतो,
आणि दर वेळी तेच म्हणतो,
"धारणे, अर्धं पाऊल मागं."

मी सरकतो.
टाचेखालची वाळू थोडी ढळते, मग बसते.