ओली नोंद

वाळपईच्या बागेत माझं काम शिवणाचं.
पानं शिवतो मी, जाड पांढऱ्या कागदावर,
देठाशी दोन टाके, शिरेमागे गाठ,
उजव्या कोपऱ्यात नाव, गाव, तारीख, कोणी तोडलं.
दाबाला जुनी वर्तमानपत्रं. एकदा
सड्यावरून आणलेल्या सीतेच्या आसवांवर
निवडणुकीचा निकाल उलटा उमटला.
एफिजेनियाबाईंनी तोही ठेवायला लावला.

मागच्या खोलीत उणे वीसची शीतपेटी.
तीत कोरगुट भात झोपलंय,
खाजनातलं, खारं पाणी पचवणारं,
आठ घरांच्या कणग्यांतून मागून आणलेलं,
पाच टक्के ओल, चंदेरी पाकिटात.
उद्या बांध फुटला तरी आम्ही आहोत,
असं मी भाच्याला सांगतो, जरा छाती काढून.

मग रामपत्री आली.
म्हाळू गावकराने देवाच्या राईतून आणल्या,
चांदाड्याच्या पानात चाळीस बिया,
प्रत्येकीला लाल जाळी,
कुणी बोटांनी घट्ट धरून ठेवल्यासारखी.
तिथली झाडं पाण्यात उभी.
मुळं गुडघे वर काढून श्वास घेतात.
आत शिरताना म्हाळू चपला काढतो,
बाई गमबूट काढतात.
विचारलं तर म्हणाल्या, चिखल आत जातो.

मी नेहमीसारख्या वाळत घातल्या.
वजन, ओल, पुन्हा वजन.
आकडा उतरत गेला तसा मी खूश.
म्हाळूने दारातूनच पाहिलं:
"बीं सुकयलें म्हणटकच मेलें."
मी हसलो. यंत्र माझ्याकडे होतं.

चोवीस रुजत घातल्या.
एकही नाही.
कापून पाहिली एक, तर आत
जुन्या खडूचा चुरा.

उरलेल्या सोळा ओल्या गोणपाटातच होत्या,
मी विसरलो होतो म्हणून.
त्यातल्या अकरा उठल्या.

बाई रागावल्या नाहीत, म्हणजे रागावल्याच.
म्हणाल्या, काही बियांना झोपच येत नाही.
त्यांची पेढी होत नाही.
धनेशाच्या चोचीतून चिखलात पडायचं
आणि लगेच निघायचं,
नाहीतर नाही.

त्या कापलेल्या बीचा मी कागद केला.
नाव, गाव, तारीख, कोणी तोडलं.
त्याखाली, बाईंना न विचारता,
एक ओळ वाढवली: कोणी वाळवलं.

अकरांना रोज पाणी घालतो. चतुर्थीलाही.
माटोळीला रानफळं शोधत आलेली पोरं
कुंपणाबाहेरूनच परत धाडली.

नोंदवहीत एक रकाना आहे: किती वर्षं टिकेल.
कोरगुटासमोर पन्नास लिहिलंय.
रामपत्रीसमोर बरीच खाडाखोड.
आता तिथे वेळा आहेत,
सकाळी सात, संध्याकाळी पाच,
आणि मी रजेवर असलो तर
म्हाळूच्या सुनेचा फोन नंबर.