ओहोटीच्या आधी

दवाखान्याची बोट आज सकाळीच लागली.
चिलोएच्या या कोपऱ्यात
एप्रिलात दिवस आखडला की येते,
दुपारची ओहोटी लागेपर्यंत थांबते
आणि जाते.
म्हणजे माझ्याकडे साधारण चार तास,
एका सुईचा विचार करायला.

नोल्फा न्याहारी आटपून जाऊनही आली.
दंडावरचा कापूस तिनं मला मुद्दाम दाखवला नाही.
हेच तिचं भांडण.

मी एकाहत्तर वर्षांचा.
आजवर सगळं अंगावर काढलं:
दाढदुखी, कमरेत भरलेली उसण,
करवतीनं नेलेलं अर्धं बोट.
सर्दीतापाला कोण विचारतो?
चुलीपाशी बसायचं, सफरचंदाची दारू ऊन करून प्यायची,
घाम फुटला की उतरतो.

शिवाय गेल्या वर्षी टोचून घेतल्यावर
नोल्फाला दोन दिवस कणकण होतीच,
आणि ऑगस्टात पडसं व्हायचं ते झालंच.
"मग उपयोग काय?" मी विचारलं होतं.
"पडसंच झालं," ती म्हणाली
आणि बटाटे सोलत राहिली.

मला तेव्हा ते कळलं नव्हतं.

रंधा मारतोय. होडीची फळी केव्हाच गुळगुळीत झालीय,
तरी मारतोय.
खरं सांगायचं तर
प्रश्न सुईचा नाहीच.

प्रश्न लिंदोरचा आहे.
जुलैतल्या त्या शुक्रवारी
माझं अंग मोडून आलं होतं, घसा धरला होता,
तरी ठरलेला डाव मोडायचा कशाला म्हणून गेलो.
त्याच्या टेबलाशी बसून
एकाच पेल्यातून, एकाच नळीनं
आळीपाळीनं कडू चहा ओढला,
खोकलो, हसलो, दोनशे पेसो जिंकलो.
मंगळवारी त्यानं अंथरूण धरलं.
रविवारी बोटीनं कास्त्रोच्या इस्पितळात नेला.
परत आणायला पेटी लागली.
मीच केली, सायप्रसची.
माप घ्यावं लागलं नाही,
साठ वर्षं ओळखत होतो त्याला.

कुणी काही म्हटलं नाही.
त्या महिन्यात निम्मं बेट खोकत होतं,
दुकानात, शाळेत, चर्चच्या बाकांवर.
कुणाचं कुणाला लागलं, कोण सांगणार?
एदुलियानं तर दफनानंतर माझाच हात धरला.
"शेवटचा हसला तो तुझ्याबरोबर," म्हणाली.

मीही ताकास तूर लागू दिली नाही.
फक्त रात्री मध्येच डोळा उघडतो
आणि ते दोनशे पेसो
समोर हिशेबाला बसतात.

टोचून घेतली असती तर तो वाचला असता?
माहीत नाही.
नाही घेतली म्हणून गेला?
तेही माहीत नाही.
कुठूनही धरा,
फळी तेवढीच आखूड पडते.

पाणी उतरायला लागलं.
खडकांचे काळे माथे दिसताहेत.
रंधा ठेवला. हात धुतले.
टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

धक्क्यावर पोरगेली नर्स पेटी बंद करत होती.
मला बघून तिनं ती उघडली, काही विचारलं नाही.
म्हणजे एवढंच विचारलं: "आजोबा, कुठला हात?"
"डावा. नाही, थांब. डाव्यानं मी करवत धरतो. उजवा."

बोटात कुसळ गेलं तरी याहून जास्त लागतं.

"लगेच लागू पडत नाही हां," ती म्हणाली.
"पंधरा दिवस धरा."

एदुलियाच्या छपराच्या फळ्या कुजल्यात,
पश्चिमेकडून गळतं.
तिनं दोनदा सांगितलं होतं,
दोनदा मी 'बघू' म्हणालो होतो.
उद्यापासून जाईन.
शिडीवर, बाहेरून, वाऱ्यात.
ती आतून हाक मारेल, चहा झालाय म्हणून.
मी म्हणेन, हात भरलेत, नंतर.

सोळाव्या दिवशी
शिडी उतरून
दार वाजवीन.