तीन परस पाणी

नाथसागराच्या फुगवट्यात, जुन्या सावरघाटावर
आज तीन परस पाणी.
आकडा सटवाजी लिंबोऱ्यांचा. बांबू खाली सोडून सांगितला
आणि होडी तिथंच धरून ठेवली.

खाली वीतभर दिसतं.
तौफीक कॅमेरा दगडाला जवळजवळ टेकवून
एक फोटो घेतो, जरासा सरकून दुसरा,
अर्ध्यावर अर्धा, कौलं चढवावीत तसे.
दोन हजार एकशे चौदा.
त्याच्यामागं मी, टेप घेऊन.
टोक खिळ्याला, ताण द्यायचा, वाचायचं,
प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीनं लिहायचं.
गारठ्यानं माझे पाच सहासारखे निघतात.

रात्री पैठणच्या लॉजवर, कुरकुरत्या पंख्याखाली
देऊळ लॅपटॉपवर उभं राहिलं. कोरडं. अख्खं.
तौफीक ते बोटानं फिरवत राहिला,
आठवडी बाजारात मडकं बघावं तसं.
पण देवळाला स्वतःचं माप ठाऊक नव्हतं.
काडेपेटीएवढं की डोंगराएवढं, काही पत्ता नाही.
मी पाटीवरून वाचलं: खांब ते खांब, एक मीटर ब्याऐंशी.
तेव्हा कुठं ते आपल्या जगात आलं.

उंबरा तेवढा जुळेना.
मी दोरी ताणून मधोमध पट्टी रोवली होती,
चार बोटं खोल.
चित्रात सपाट.
"दोरीला झोळ पडला असेल."
"तू गाळाचा फोटो काढलास."
शेवभाजी निवून गेली.

सकाळी एकटीच उतरले. हातमोजा काढला.
गाळाखाली दगड गुळगुळीत होता,
दोन्हीकडून उतरत मधे खोलगट,
परातीसारखा.

वर आल्यावर सांगितलं, तर सटवाजी हसले.
"झिजंल न्हाई तर काय?
माय रोज वरडायची, उंबऱ्यावर पाय देऊ नगं.
सगळी आळी देऊनच आत जायची."

जे हलतं ते सॉफ्टवेअर पुसून टाकतं,
तौफीकनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मासे, शेवाळ, माझा हात.
सावरघाट शहात्तर साली हललं.

नोंदवहीत लिहिलं:
उंबरा, मधली झीज साडेसात सेंटिमीटर.
मग सटवाजींना म्हटलं, चार बोटं जुळवून धरा.
टेप लावली. आठ, आणि वर दोन मिलिमीटर.
जाळी ओढून ओढून सुजलीत, म्हणाले,
तेव्हा बारीक होती.
तेही लिहिलं.