टिंब

ढेकूण म्हटलं की लोक आधी गादी झटकतात.
हा तसला नव्हे. हा झाडाचा.
अंगठ्याच्या नखाएवढा, रंग पिकल्या मिरचीचा,
मानेला पांढरी कॉलर, आत्ताच इस्त्री केल्यासारखी,
पंखांवर दोन काळी टिंबं,
आणि उलटा केला तर पोटावर
चुन्याची बोटं ओढल्यासारखे पट्टे.
जोडी लागली की दोघं पाठमोरी चिकटलेली,
एक पुढं ओढतं, दुसरं मुकाट मागं मागं जातं.
पोरं नवरा-बायको म्हणायची.
ओढणारी बायको असते,
हे मला मगदूम बाईंनी सांगितलं.

मी प्रयोगशाळेत शिपाई.
डांबरगोळ्या बदलायच्या, चिठ्ठ्या कापायच्या.
चिठ्ठीवर गाव, तारीख, कशावर सापडला, कुणाला.
गारगोटी, भेंडीवर. मगदूम.
गगनबावडा, सावरीखाली, शेकड्यानं. मगदूम.
कागल, स्टँडच्या मागं. मगदूम.

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा,
दर चिठ्ठीला त्यावर एक लाल टिंब.
पाच वर्षं बघत होतो, एक दिवस बोललो,
"बाई, हा किडा एस्टीनं हिंडतो काय?"
टिंबं सगळी डांबरी रस्त्याला धरून.
नेसरीत सात, तिथं त्यांचं माहेर.
चंदगडच्या अंगाला सगळं कोरं.
"तिकडं नाहीच काय ओ?"
बाईंनी चष्मा काढला, पुसत बसल्या.
"तिकडं मी नाही, सटुप्पा. तो असेल."

माझं गाव तिकडचं.
आईच्या दिवसांना गेलो तेव्हा खिशात
होमिओपॅथीची रिकामी बाटली होती.
परड्यात आईनं बियाणाला राखलेली अंबाडी,
बोंडं उकललेली,
आणि बोंडाबोंडावर हा,
पंख न फुटलेल्या पिल्लांसकट, लालभडक, दाटीवाटीनं.
घरात कोण गेलं, त्याला काय त्याचं?
तीन घेतले.

चिठ्ठी मीच लिहिली.
तेवढ्याशा जागेत गावाचं नाव मावेना,
दोनदा कागद वाया गेला.
अंबाडीवर, लिहिलं. परडं कुणाचं, त्याला रकाना नाही.
शेवटी माझं आडनाव.
बाईंनी टिंब द्यायला पेन माझ्या हातात दिलं.

बाई रिटायर होऊन झाली आता बरीच वर्षं.
परवा पेटी उघडली तर
भुंग्यांच्या अळ्यांनी तिन्ही खाल्लेले.
टाचणीला एक पाय, थोडा तांबडा भुगा,
खाली चिठ्ठी शाबूत.

नवे साहेब म्हणाले, नमुना नाही तर नोंद खोडा.
व्हय म्हणालो.
अजून खोडलेली नाही.