दोन बोटं तिरकी

हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या पुढं
लिंबाखाली गाडी उभी,
आणि तिच्या कुशीतून एक खोली बाहेर आलेली,
पलंग, खिडकी, पडद्यासकट.
आत जाईना.

"अशी हायवेला कशी न्यायची?"
बाई देवस्थळी. भूगोल शिकवायच्या,
आता वर्षभर गाडीतच राहतात.
टायरवाल्यानं हात वर केले,
वेल्डिंगवाला म्हणाला, कापून काढू.
मग कुणीतरी माझं नाव सांगितलं:
गुंडेटी जॉबर, अशोक चौक.

मी मागाचा माणूस. सव्वीस वर्षं
धोट्याच्या ठोक्यावरून सांगायचो
कुठला दात झिजलाय.
माग भंगारात गेले, कान राहिले.
म्हटलं, बटन दाबा.
मोटर गुरगुरली. खोली इंचभर हलली.
परत दाबा.
डावी बाजू निघाली, उजवी तिथंच,
दोन बोटं तिरकी.
हे तर ओळखीचं दुखणं, बे!

खाली शिरलो. पाठीखाली त्रेचाळीस डिग्रीचं डांबर.
दोन दातेरी पट्ट्या, दोन चाकं, मधे एक दांडा,
आणि उजवीकडची पिन तुटलेली.
ही पिन मुद्दाम कच्ची ठेवतात.
मोठं काही मोडू नये म्हणून
आधी हिनं मोडायचं.
आमच्या घरात हे काम आईनं केलं.

पट्ट्यांना कुणीतरी मायेनं ग्रीस थापलेलं,
त्यावर सगळ्या रस्त्यांची धूळ बसून
खरवसासारखा थर.
रॉकेल, जुना ब्रश, टॉवेलच्या काठाची चिंधी.
खरवडून कागदावर ठेवत गेलो
तर बाई उकिडव्या बसून बघायला लागल्या:
"ही लाल बेळगावकडची.
ही खारट पांढरी कच्छची.
ही काळी तुमची."
एक केसाची पिनही निघाली. ती त्यांनी
काही न बोलता डब्यात टाकली.

नझीरच्या लेथवर गेलो.
म्हणाला, "कडक बनवतो की, जन्मात तुटणार नाय."
नको बे, तुटणारीच बनव.
बघत राहिला माझ्याकडं.

मग सुताचा दोरा लावला ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
बीम सरळ करताना लावायचो तसा.
उजवीकडं चार दात मागं.
हातानं हँडल फिरवून जुळवलं, घाम डोळ्यात,
आणि म्हटलं, आता दाबा.
गेली आत. घडी बसल्यासारखी.
बाईंनी टाळी वाजवली, पोरीसारखी,
आणि लगेच परत बाहेर काढली,
चहाला.

दहा मिनिटांपूर्वी जी जागाच नव्हती
तिथं बसून मी चहा प्यालो.
"तुमचं घर केवढं?"
विडी घरकुलात. दीड खोली, सात माणसं.
भिंतीकडं बघत बसलो. बटन कुठं बसवता येईल,
वायर कुठून, बाजूच्या कोंगारीच्या स्वयंपाकघरात
किती फूट घुसेल.
मग हसू आलं.
रात्री दहाला आमचीही खोली निघतेच की बाहेर, गल्लीत:
दोन बाजा, टेबलफॅन, खिडकीतून वायर.
मोटर नाय. पिन नाय.
पहाटे नळाला पाणी आलं, असलंच तर,
की आत.

पैसे कमी सांगितले. का, ते ठाऊक नाही.
लिहून घ्या, बाई.
पट्टीला ग्रीस नको, कोरडा स्प्रे.
कडेच्या रबराला महिन्यातून एकदा पावडर,
नाहीतर उन्हानं चिकटतं.
बॅटरी उतरलेली असेल तर बटनाशी हट्ट करू नका.
छपरावरच्या लिंबोळ्या झाडूनच आत घ्या.
पिन तुटली तर रागावू नका, दुसरी डब्यात दिलीय.

आणि बटनाला हात लावायच्या आधी
खाली उतरून, वाकून बघायचं.
एवढी सावली पडते हिची,
कुणीतरी झोपलेलं असतं.