नाव काढणे

अक्षराला साठ सेंट.
सावली हवी असेल तर पंचाहत्तर.
चायना ग्रोव्हमधली निम्मी दुकानं माझ्या ब्रशखालून गेली,
बाप्टिस्ट चर्चचा फलक, न्हाव्याची काच,
आणि शुक्रवारी रात्री उशिरा,
किडे भिरभिरणाऱ्या बल्बखाली,
वर्लन बोस्टची त्रेसष्ट नंबरची फोर्ड.

सत्तरच्या मार्चमध्ये तिच्या बॉनेटवर मी
ट्रिपल ओक सॉसेजचं नाव काढलं.
त्यांच्या लिपीत सोळा अक्षरं, सावलीसकट बारा डॉलर.
कंपनी टायरचे पैसे द्यायची,
वर महिन्याला एक पेटी सॉसेज.
नेल्डा म्हणायची,
पोरांच्या घामालासुद्धा आता त्याचाच वास येतो.

गिरणीतली मागं दुरुस्त करायची पक्की नोकरी
वर्लनने सोडली, तेव्हा बापाने अबोला धरला होता.
पुढे व्हर्जिनियातल्या कुठल्याशा अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर
पोरगा चौथा आला,
आणि म्हातारा न्हाव्याच्या खुर्चीत,
तोंडाला फेस तसाच,
आरशातल्या सगळ्यांना म्हणाला:
पोरानं नाव काढलं.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात तीन ओळींचं पत्र आलं.
पेट्रोलच्या रांगा पंपावरून वळून
आमच्या गल्लीत शिरल्या होत्या.
कंपनीला आता शर्यती परवडत नव्हत्या.
सॉसेज परवडत होते बहुतेक.
वर्लनने टोपी काढली नाही, नुसता म्हणाला,
काढून टाक.

थिनर, ब्लेड, जुनी बनियन.
मी ते नाव काढलं.
पुसण्याचा दर कधी ठरवलाच नव्हता,
म्हणून काही घेतलं नाही.
पण चार उन्हाळ्यांत बॉनेटचा लाल रंग विटला होता
आणि अक्षरांखालचा तेवढा तसाच, रसरशीत.
कंपनी गेली
आणि तिचं नाव लांबूनही वाचता येऊ लागलं,
फुकटात.

तो हिवाळा त्याने चर्चचा कोट घालून दारं वाजवली.
गादीवाला म्हणाला, आधी जिंक, मग बघू.
शेव्हरलेटवाला नुसताच हसला.
दंतवैद्याने पैसे दिले नाहीत,
दाढ भरून दिली.
शेवटी हार्टसेल तयार झाले, अंत्यविधीवाले.
करड्या रंगात फक्त आडनाव.
मी विचारलं, फोन नंबर?
ते म्हणाले, नको,
ज्याला लागतो त्याला सापडतो.

नेल्डा त्या वर्षी एकदाही स्टँडमध्ये बसली नाही.
घरी रेडिओसुद्धा लावायची नाही.
सात शर्यती झाल्या. अकरावा, एकोणिसावा,
दोनदा गिअरबॉक्स, एकदा कोरडं ऊन आणि फुटलेलं इंजिन,
उरलेल्या मला आठवत नाहीत.
हार्टसेल बिचारे भले, शेवटचा चेक त्यांनी
फुलांच्या पाकिटातून पाठवला.

गाडी कनापोलिसच्या एका पोराने नेली.
त्याच्या मागे सिगारेटची मोठी कंपनी,
तिचा रंगारी शार्लटहून येतो,
अक्षरं स्टेन्सिलची.
त्यावर नावं ठेवणार नाही मी.
एवढंच म्हणते, त्याच्या ओ अक्षराला कंबर नाही.

माझ्या वहीत वर्लनच्या नावे सव्वीस डॉलर आहेत.
दर जुलैला तो पीचची टोपली पायरीवर ठेवून जातो,
बेल न वाजवता.
मी टोपलीची किंमत लावत नाही.
सव्वीसचे सव्वीसच.

मागच्या ऑगस्टात काउंटीने स्कूलबस रंगवायला दिल्या.
पिवळ्यावर काळा, उभा आकडा, तिरपा चालणार नाही,
असं कागदावर लिहून दिलेलं.
एकशे अठराच्या पायरीवर वर्लन बसलेला,
नव्या चाव्या बोटाभोवती फिरवत.
त्रेसष्ट नंबर, म्हणाला, कुणाला गेला?
मी म्हटलं, भंगारात.
तो बराच वेळ बूट बघत राहिला.
मग म्हणाला, आठ जरा बसका आलाय तुझा.
आला होता.

माझी भाची त्याच बसने जाते.
ती सांगते, एनोकव्हिल रस्त्याच्या वळणावर
मिस्टर बोस्ट गप्प होतात,
हात चाकावर किंचित वर सरकतात,
आणि बस आतली कड धरते,
गवताला घासून,
ताशी वीस मैलांनी.